उलट्या कडेचं ग्लायडर

माझ्या मनात पाल चुकचुकली ती फ्रेमवाल्याच्या मुलीचं ग्लायडर पाहून.

सातवीच्या पोरांना मी घरून ग्लायडर करून आणायला थर्माकोलचे पातळ तुकडे दिले होते. विमान कसं उडतं ते पाठ करू नका, उडवून बघा, असं माझं म्हणणं. कुणाचं नाकावर आपटलं, कुणाचं गरगर फिरून खाली आलं. हिचं मात्र हॉलच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत संथ गेलं, चांगले अकरा सेकंद! पोरं टाळ्या पिटत होती आणि मी म्हणत होते, छे, हे काही हिच्या हातचं नाही.

मी उगाच संशयी झालेले नाही. गेल्या वर्षी एका पोराने काकाकडून आयतं मॉडेल करून आणलं आणि स्पर्धेत परीक्षकांनी सगळ्यांदेखत मला झापलं. यंदा तर ग्लायडर तिथेच, त्यांच्यासमोर कापून करायचं होतं. प्रत्येक वर्गातून एकच मूल जाणार, आणि नावांची यादी शुक्रवारी द्यायची होती.

मी तिचं ग्लायडर खिडकीपाशी नेऊन निरखलं. कटर धरताना हात जरासा कलतो, त्यामुळे कड तिरकी येते. बाकी सगळ्यांच्या कडा एकीकडे कललेल्या, हिच्या बरोबर उलट. म्हणजे कापणारा डावखुरा! मुलगी तर उजव्या हाताने लिहिते. आणि बाप? त्याच्या दुकानात मी फोटोला फ्रेम करून घेतली होती, तो डाव्या हाताने पुठ्ठा कापताना मी या डोळ्यांनी पाहिला होता. सापडला की नाही चोर!

गुरुवारी मधल्या सुट्टीत मी तिला प्रयोगशाळेत बोलावलं. कटर पुढे केलं.

"कर बघू माझ्यासमोर."

तिने कटर उजव्या हातात घेतलं. पंख फाटला. दुसरा घेतला, तोही वाकडातिकडा.

"बाबांनी करून दिलं ना?"

"नाही, बाई."

"मग हे काय?"

ती फाटके तुकडे गोळा करू लागली. मला राग आवरेना. तिच्यादेखत यादीतलं तिचं नाव खोडलं आणि ज्याचं ग्लायडर जेमतेम चार सेकंद उडालं होतं त्या पोराचं लिहिलं. खरं सांगते, मला बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी शाळा भरायच्या आधीच बाप दारात हजर. शर्टाला लाकडाचा भुसा, मागे मुलगी. आला गळ घालायला, असं मनात म्हणत मी हाताची घडी घातली.

"बाई, रात्रभर रडली पोर. मी त्या ग्लायडरला हातसुद्धा लावलेला नाही. तिला तिच्या हाताने कापू द्या एकदा."

"कालच कापलं तिने. पाहिलं मी."

"तो तिचा हात नव्हे," तो म्हणाला. "डाव्याने काप गं."

तिने डावा हात पाठीमागे लपवला. "शाळेत नको. बाई ओरडतात."

"कोण बाई?" मी फणकारले. "कुणी सांगितलं तुला असं?"

बापच म्हणाला, "तुम्हीच, बाई. दुसरीत असताना. महिनाभर डावा हात बाकाखाली ठेवायला लावला होता. घरी सगळं डाव्याने करते ती, इथे नाही करत."

दुसरीच्या बाई रजेवर होत्या तेव्हा तो वर्ग माझ्याकडे होता. किती पोरांना मी "हात बदल" म्हणाले असेन, मला एकाचाही चेहरा आठवेना. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मी दार लावून घेतलं आणि तुकडा तिच्यापुढे ठेवला. "काप. डाव्याने."

तिने आधी माझे हात कुठे आहेत ते पाहिलं. मग कटर उचललं. एका दमात पंख निघाला, तिरक्या, गुळगुळीत कडेचा. ग्लायडर जुळवून त्याच्या नाकाला मातीची गोळी लावून पाहिली, थोडी काढली, पंखाची मागची कड जराशी वर दाबली. सोडलं तर ते फळ्यापर्यंत अलगद गेलं.

मी यादी काढून त्या पोराचं नाव खोडलं आणि तिचं परत लिहिलं. माफी मागायला तोंड उघडलं, तर तीच म्हणाली, "स्पर्धेत दुसऱ्या बाई असतील ना? तिथे कुठल्या हाताने कापू?"

"डाव्याच."

तिने माझ्याकडे पाहिलंच नाही, बापाकडे पाहिलं. त्याने मान हलवली, तेव्हा कुठे तिला खरं वाटलं.