व्याह्यांनी दिलेलं घड्याळ

रतिलाल सरांचा कॉम्प्युटर ज्या दिवशी बंद पडला, त्याच दिवशी त्यांच्या मुलीला, मयुरीला, बघायला धुळ्याची मंडळी जळगावला आली होती. दोन्ही गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध नव्हता. संबंध नंतर जुळवण्यात आला, आणि तो प्रेमराजने जुळवला.

प्रेमराज हा मुलाचा थोरला भाऊ. वडील नव्हते, त्यामुळे घरातलं वडीलपण त्याच्याकडे आलेलं. धुळ्यात कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान होतं, त्यामुळे आत्मविश्वासही होता. पोहे संपवून हात धुवायला उठला तो सरळ कोपऱ्यातल्या टेबलापाशी जाऊन उभा राहिला.

"नाना, हे चालू होत नाही का?"

"कालपर्यंत होत होतं."

"वय किती याचं?"

"एकोणीस."

"मग लग्नाचं वय झालं की याचंही," प्रेमराज म्हणाला. सगळे हसले. मयुरी हसली नाही, पण तिने हसायचं नव्हतंच.

सरांनी तालुक्याच्या एका कॉलेजात एकतीस वर्षं वनस्पतीशास्त्र शिकवलं होतं. विद्यार्थ्यांना त्याचा फारसा त्रास झाला नाही. बहुतेक जण पोलीस भरतीत नाहीतर खताच्या दुकानात गेले. पण या विद्यार्थ्यांच्या गावी जाता-येता सरांना एक नाद लागला. बांधावरच्या गवताला, तणाला, वेलीला त्या त्या गावात काय म्हणतात, ते लिहून घ्यायचं. एका गवताला अमळनेरकडे एक नाव, रावेरच्या केळीत दुसरं, एरंडोलला तिसरं. एका तणाचं एका गावातलं नाव शेजारच्या गावात शिवी होती, त्यामुळे ते तण उपटायला माणसं मिळत, पण नाव सांगायला मिळत नसत. तण निंदणाऱ्या बायकांशेजारी बांधावर बसून सरांनी ही नावं जमवली. प्रत्येक नावापुढे सांगणारीचं नाव, गाव, शेत, तारीख. अशी तीन हजार एकशे चाळीस. यातल्या निम्म्या सांगणाऱ्या आता नव्हत्या. तणनाशकामुळे निम्मी तणंही नव्हती. जे काही होतं ते त्या कॉम्प्युटरात होतं.

मूळ वह्या सरांनी निवृत्त होताना कॉलेजच्या ग्रंथालयाला भेट दिल्या होत्या. पुढे कसलीशी समिती येणार म्हणून ग्रंथालय आवरण्यात आलं, तेव्हा जीर्ण साहित्य म्हणून वह्यांचं रीतसर निर्लेखन झालं, म्हणजे त्या रद्दीत गेल्या. ठरावाची प्रत ग्रंथपालांनी सरांना पोस्टाने पाठवली. ती प्रत सरांकडे अजून आहे.

"छापून तरी ठेवा सर, एक प्रत," असं फारुख दर वर्षी सांगायचा. फारुख हा सरांचा जुना विद्यार्थी. जळगावात त्याचं टायपिंग आणि बायंडिंगचं दुकान. सर म्हणायचे, "अजून पुरं कुठे झालंय." अपुरं काम कागदावर उतरवायचं नाही, हा त्यांचा बाणा होता. या बाण्यामुळेच ते आयुष्यभर लेक्चरर राहिले, प्रोफेसर झाले नाहीत.

मराठी टाइप करायचं सॉफ्टवेअर फारुखनेच तेव्हा बसवून दिलं होतं. त्या कंपनीची पद्धत अशी, की सॉफ्टवेअर बसवलं की मदरबोर्डाचा नंबर फोनवर सांगायचा; मग तिकडून एक बाई किल्ली म्हणून सोळा अक्षरं सांगायची. ती किल्ली त्याच बोर्डावर चाले, दुसऱ्यावर नाही. सॉफ्टवेअरची चोरी होऊ नये म्हणून ही तजवीज. पुढे कंपनी बंद पडली. चोरी मात्र शेवटपर्यंत झाली नाही.

"मी घेऊन जातो," प्रेमराज म्हणाला. "आठ दिवसांत आणून देतो. पैशाचं नाव काढायचं नाही नाना, घरचं काम आहे."

सरांनी स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलं. तिथे मयुरीची आई उभी होती, आणि तिच्या चेहऱ्यावर उत्तर होतं. सरांनी आत जाऊन फारुखला फोन लावला.

"दुरुस्त करू द्या," फारुख म्हणाला, "पण सर, बोर्ड बदलू देऊ नका. पोरगी द्या, बोर्ड देऊ नका."

सरांनी बाहेर येऊन, शब्द जरा मऊ करून, निरोप पोचवला. "तेवढा बोर्ड मात्र तोच असू द्या."

"चिंताच सोडा नाना," प्रेमराज म्हणाला. हे नेमकं कशाचं उत्तर होतं, यावर सरांनी नंतर पुष्कळ विचार केला.

आठ दिवसांनी कॉम्प्युटर आला. बटण दाबताक्षणी सुरू झाला. इतक्या वेगाने तो तरुणपणीही सुरू झाला नव्हता.

"बोर्ड पार जळाला होता," प्रेमराजने सांगितलं. "नवा टाकला. माझ्याकडून भेट समजा." मयुरीच्या आईने त्याला शेवभाजी करून घातली. तो गेल्यावर सरांनी नावांची फाईल उघडली. पडद्यावर एक चौकट आली आणि तिने किल्ली मागितली. सरांनी जुन्या डायरीतली सोळा अक्षरं भरली. चौकटीने ती वाचली आणि पुन्हा किल्ली मागितली.

संध्याकाळी फारुख आला. त्याने डबा उघडला आणि बॅटरी लावून आत पाहिलं.

"फाईल आहे ना?" सरांनी विचारलं.

"आहे सर. पुरी आहे. एक अक्षर हललेलं नाही. फक्त उघडत नाही."

"दुसऱ्या कशात?"

"दुसऱ्या कशात चौकोन दिसतील. तीन हजार चौकोन." त्याने आत बोट दाखवलं. "हा पॉवर सप्लायपण नवा आहे. गेला होता तो हाच. बोर्डाला काही झालं नव्हतं."

"मग बदलला कशाला?"

"तुमच्या जुन्या बोर्डावर त्या लांब खाचा होत्या, कार्ड बसवायच्या. कापसाच्या जिनिंगवाल्यांच्या वजनकाट्यांना तसेच बोर्ड लागतात, नवीन कुठे मिळत नाहीत. सीझनमध्ये असा बोर्ड म्हणजे हिरा. सर, तो जळाला असता तर त्याने तुम्हाला परत आणून दिला असता. जळालेलं कोणी ठेवून घेत नाही."

सर उठले, चपला घालायला लागले.

"कुठे?" मयुरीच्या आईने विचारलं.

"धुळ्याला."

"काय सांगणार? मुलीचा दीर चोर आहे?"

"माझी तीन हजार एकशे चाळीस नावं आहेत त्यात."

"मला एकच मुलगी आहे," ती म्हणाली. "साखरपुडा आठ दिवसांवर आलाय."

सरांनी चपला काढल्या. प्रेमराजने पैसे घेतले असते तर भांडता आलं असतं. त्याने एक रुपया घेतला नव्हता; उलट नवा कोरा बोर्ड पदरचा घातला होता. अशा माणसाकडे तक्रार कुठल्या तोंडाने करायची, हे सरांना एकतीस वर्षांच्या नोकरीत कोणी शिकवलं नव्हतं.

साखरपुड्यात मुलीच्या बापाने मुलाच्या वडीलधाऱ्याला टॉवेल, टोपी, नारळ द्यायचा असतो. गुरुजींनी नाव पुकारलं, आणि माईकवाल्याने आपल्या पदरचं जोडलं, की याच प्रेमराजभाऊंनी नानांचा कॉम्प्युटर एक पैसा न घेता नवा करून दिला. मंडपात टाळ्या पडल्या. सरांनी प्रेमराजला कुंकू लावलं, आणि लावता लावता, ओठ न हलवता, म्हणाले,

"प्रेमराजभाऊ, तो जुना बोर्ड."

"नारळ जरा वर धरा नाना, फोटो काढतोय तो."

"मला हवा होता."

"जळालेला?" प्रेमराजने कॅमेऱ्याकडे पाहत विचारलं. "तो कशाला?"

आता बोर्ड चालवायला हवाय म्हणावं, तर तू खोटं बोललास असं म्हटल्यासारखं होणार. ते टॉवेल-टोपी देता देता म्हणता येत नाही. सरांनी तेवढ्यात सापडलं ते सभ्य कारण दिलं.

"आठवण म्हणून."

प्रेमराजने त्यांच्याकडे पाहिलं. त्याच्या चेहऱ्यावर पहिल्यांदाच काहीतरी खरं उमटलं. "आठवण," तो म्हणाला. "बरोबर आहे नाना. एकोणीस वर्षं म्हणजे काही कमी नाही. देतो. लग्नापर्यंत नक्की देतो."

फारुखला हे कळलं तेव्हा तो खुर्चीतून उठला. "म्हणजे कापसाचा सीझन संपला की काट्यातून काढून आणणार. सर, म्हणजे चालू आहे तो. आला की तासाभरात नावं बाहेर काढतो, छापतो, तीन प्रती करतो. तुम्ही अपुरं-पुरं काही म्हणायचं नाही."

"नाही म्हणणार," सर म्हणाले. एवढ्या वर्षांत ते प्रथमच एवढं सहज कबूल झाले.

मार्चच्या शेवटी पत्रिका द्यायच्या निमित्ताने सर एसटीने धुळ्याला गेले. पारोळ्याला गाडी अर्धा तास थांबली; तेवढ्या वेळात त्यांनी काय बोलायचं ते तीनदा ठरवलं. दुकानात शिरले आणि त्यांना बोर्ड दिसला. समोरच टेबलावर पडला होता, हिरवा, धुळकट, कडेला कापसाचे तंतू अडकलेले. कोपऱ्यात फारुखने किल्ली घेताना पांढऱ्या शाईने लिहिलेला नंबर होता. जळाल्याची खूण कुठेही नव्हती. कापसाचे तंतू कुठून आले, हे सरांनी विचारलं नाही आणि प्रेमराजने सांगितलं नाही. एवढा समजूतदारपणा दोन घरांत आधीच रुजला होता.

"हाच," सर म्हणाले. त्यांनी त्याच्यावर हात ठेवला.

"शोधून काढला बघा नाना. बसा, चहा सांगतो."

"घेऊन जातो मी." सरांनी पिशवीतून पत्रिका काढल्या, बोर्डाला जागा केली.

"असा?" प्रेमराज खरोखर दुखावला. "पेपरात गुंडाळून? नाना, तुम्ही पहिल्यांदा माझ्या दुकानात आलात, आणि मी तुमच्या हातात भंगार देऊन पाठवू? आजूबाजूचे काय म्हणतील?"

"मला असाच चालेल."

"तुम्हाला चालेल हो. मला चालायला नको? व्याहीभेटीत देतो, चार लोकांत, नीट. तुमचा जीव आहे त्याच्यात, ते का मला समजत नाही?"

"ते खरं, पण प्रेमराजभाऊ, त्यात माझं..." सर म्हणाले. आणि चहा आला. चहाबरोबर शेजारचे दोन दुकानदारही आले, मुलीचे वडील बघायला. सर बसले. त्या क्षणी बोर्ड उचलून पिशवीत टाकला असता आणि सरळ स्टँडकडे चालू पडले असते, तर फार तर लोकांनी जळगावचे नाना जरा चक्रम आहेत असं म्हटलं असतं. सरांनी बशीत चहा ओतला आणि प्यायले. चहा चांगला होता.

लग्न एप्रिलमध्ये लागलं. व्याहीभेटीत सरांनी आणि प्रेमराजने एकमेकांना मिठी मारली, आणि प्रेमराजने चमचमत्या कागदात गुंडाळलेला मोठा चौकोनी खोका सरांच्या हातात दिला. "इथेच उघडा नाना," तो म्हणाला. मंडळी जमली. सरांनी कागद सोडला.

आत काचेची फ्रेम होती. फ्रेममध्ये बोर्ड होता, घासून पुसून, पॉलिश मारून लखलखीत केलेला. चार बाजूंना सोनेरी आकडे चिकटवलेले. आणि बरोबर मधोमध, अंगठ्याएवढं भोक पाडून, तीन काटे बसवले होते. खाली अक्षरं होती: नानांना, आठवण म्हणून.

"स्वतः ड्रिल मारलं," प्रेमराज म्हणाला. "दोन दिवस लागले. बाहेरून करून घेतलं असतं, पण म्हटलं आपल्या हातचं पाहिजे." त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. मंडपातल्या दोघी-तिघी बायकांच्याही आलं. सरांच्या डोळ्यांत आलं तेव्हा कोणालाच आश्चर्य वाटलं नाही. मुलगी सासरी जात होती.

दुसऱ्या दिवशी फारुखने फ्रेम उघडून भोकातून पाहिलं. पलीकडची भिंत दिसली.

"जोडता येईल का काही?" सरांनी विचारलं.

"वरच्या दिसतात तेवढ्याच तारा नसतात सर, आत थर असतात. सगळे कापलेत." त्याने फ्रेम बंद केली. "भोक पडेपर्यंत चालू होता."

"आणि घड्याळ?"

"घड्याळ चांगलं आहे. सेलपण नवीन आहे."

घड्याळ बैठकीत लागलं. ते न लावणं शक्य नव्हतं. धुळ्याची मंडळी आली की पहिली नजर तिकडे जायची. मयुरी पहिल्यांदा माहेरी आली तेव्हा पोचवायला प्रेमराज आला होता. तो स्टुलावर चढला, दोन मिनिटं मागे पडलं होतं ते पुढे केलं, आणि खाली उतरून समाधानाने बसला. मयुरी सुखात होती. हे लिहायला हवं, कारण ते खरं होतं, आणि सरांना त्यामुळे कोणावर धड रागावताही येईना.

सरांनी नवी वही आणली. आठवेल तसं लिहायला बसले. माणसं आठवली. कोणत्या बांधावर बसलो होतो, उन्हं कुठवर आली होती, कोणी कळण्याची भाकरी दिली, कोणी सरांच्या छत्रीला हसलं, सगळं आठवलं. नाव तेवढं आठवेना. आयुष्यभर लिहून ठेवायची सवय असलेल्या माणसाच्या डोक्यात लिहून झालेली गोष्ट राहत नाही. पंधरा दिवसांत एकशे सहा नावं झाली, आणि त्यातली नव्वद कोणत्याही पुस्तकात सापडणारी होती.

मग जुलैत ते अमळनेरजवळच्या एका खेड्यात गेले. तिथे झुंबरबाई होती. तिने एकटीने त्यांना दोनशेच्या वर नावं सांगितली होती, एका पावसाळ्यात, एका शेतात. ती आता ऐंशीच्या पुढे होती, पण कान शाबूत होते. सरांना तिने लगेच ओळखलं. बाजेवर बसवलं, पाणी दिलं.

"अक्का, ती गवताची नावं पुन्हा सांगशील का? माझ्याकडची गेली."

"कसी गयी?"

सरांनी सांगायला सुरुवात केली, बोर्ड, किल्ली, व्याही, घड्याळ. मग सोडून दिलं. "गेली," ते म्हणाले.

झुंबरबाई समोरच्या शेताकडे बघत राहिली. कपाशीच्या ओळींमध्ये माती स्वच्छ होती, सारवल्यासारखी. एक काडी नव्हती; सगळीकडे तणनाशक फवारलेलं.

"आते ते गवत कोठे शे, सर," ती म्हणाली. "बठ्ठं फवारी टाकं."

"नावं तरी?"

तिने डोळे मिटले. खूप वेळ मिटून ठेवले. ओठ दोनदा हलले आणि थांबले.

"तुम्हीनच लिखी लिन्हं ना," ती शेवटी म्हणाली. "म्हनीसन मी इसरी गऊ."

सरांनी सवयीने वही उघडली. सांगणारीचं नाव लिहिलं, गाव लिहिलं, शेत लिहिलं, तारीख घातली. मग पहिल्या रकान्यावर पेन टेकवून, ती आणखी काही म्हणते का म्हणून, शेवटची एसटी यायच्या वेळेपर्यंत बसून राहिले.