मोहोरावर दिलेली कंपनी

माझ्या नीरजाची कंपनी मी विकायला लावली. सही तिची आहे, पण अक्कल माझी.

२००४ चा मार्च. नीरजा आणि तिचा वर्गमित्र यज्ञेश यांनी माळनाक्यावर एक खोली घेऊन वाशीच्या बाजारातला आंब्याचा भाव रोज सकाळी बागायतदारांच्या मोबाइलवर मेसेजने पाठवायची सोय केली होती. तोवर आम्ही पेट्या पाठवायच्या आणि दलाल सांगेल तो भाव मुकाट्याने मान्य करायचा, अशी रीत. दीडशे बागायतदार पैसे भरून मेसेज घेऊ लागले, तसा मुंबईच्या एका मोबाइल कंपनीला वास लागला. असल्या नव्या धंद्यांत पैसे घालायला तिने वेगळा विभागच काढला होता. त्याचा साहेब, अनिश, आमच्या घरी आला. आंबोळ्या खाल्ल्या आणि दोन वाटा सांगितल्या. एक तर तिसरा हिस्सा द्या, आम्ही पैसे घालतो, कंपनी तुम्हीच चालवा. नाहीतर सगळीच विका आणि आमच्याकडे नोकरीला या. मात्र पाच वर्षं असलं काम स्वतः करायचं नाही.

यज्ञेशला हिस्सा द्यायचा होता. नीरजालाही, तोंडावरच दिसत होतं. पण तिने माझ्याकडे बघितलं.

मी तीस वर्षं बाग मोहोरावर देतो. झाडं मोहोरली की कंत्राटदाराला बोलवायचं, ठरेल ती रक्कम घ्यायची. मग तुडतुड्यांची कीड पडो की अवकाळी पाऊस, घोर त्याला. शेजारचा आत्माराम स्वतः आंबा काढतो आणि महिनाभर आभाळाकडे बघत बसतो. त्याची मी जन्मभर थट्टा केली.

"बायो, मोहोरावर देऊन टाक," मी म्हटलं. "जीव टांगणीला कशाला लावतेस?"

"बाबा, पहिलाच मोहोर आहे हो."

"म्हणूनच सांगतो गो. गळला तर काय करशील?"

तिने सही केली. यज्ञेशने तिच्यामागोमाग केली, आणि त्यानंतर तो आमच्या घरी आला नाही.

पुढच्या हंगामात मेसेज बंद. कंपनीला ते काम चालवायचंच नव्हतं. दुसऱ्या कोणाच्या हाती जाऊ नये, एवढंच हवं होतं. नीरजाला मुंबईत गिऱ्हाइकांच्या तक्रारी ऐकायला बसवलं. तेव्हा कुठे माझ्या टाळक्यात उजेड पडला. बाग मोहोरावर दिली तरी झाडं माझीच राहतात, पुढच्या वर्षी पुन्हा मोहोरतात. पोरीचं मी झाडच देऊन बसलो होतो. इतका साधा फरक मला कळू नये, याची अजून लाज वाटते.

पाच वर्षं मी दिवस मोजले. ज्या दिवशी मुदत संपली त्या सकाळी तिला फोन लावला.

"नीरजा, आजपासून तू मोकळी. माळनाक्यावरची खोली रिकामी आहे, मी मालकाशी बोललोय. यज्ञेशकडेही जातो, पाया पडायची वेळ आली तरी पडतो."

"कसली मोकळी, बाबा?"

मी कराराची आठवण करून दिली. ती हसली.

"अहो, ते होय! मी विसरलेसुद्धा. आता जमायचं नाही मला ते."

आवाजात राग नव्हता. तो येईल म्हणून मी वाट बघत होतो. तिने मला चार शब्द सुनावले असते, तर तिला अजून ते हवंय असं तरी समजलो असतो. गोळ्या वेळेवर घ्या म्हणाली, आणि फोन ठेवला.