मंगळी

झाडाच्या बुंध्यावरची पत्र्याची ती पट्टी अंबूबाईच्या तळहातात मावत होती, कडेनं गंजलेली, मधोमध ठोकून उठवलेली इंग्रजी अक्षरं... इतकी वर्षं पालापाचोळा लोटताना तिनं ती पदरानं पुसली, वाचता मात्र कधी आली नाही. आणि आज ती काढून तिथं नवी पाटी लागणार होती. सरकारांची बाग रविवारपासून लोकांना खुली व्हायची होती. झाडाझाडाला त्याचं खरं नाव. खरं म्हणजे कुठलं, ही धास्ती तिला सकाळपासून लागली होती.

कारण या झाडाचं नाव मंगळी होतं. थोरल्या सरकारांनी शंभर वर्षांमागं रोप बोटीनं आणवलं, स्टेशनापासून बैलगाडीत मांडीवर घेऊन बसले म्हणे — हा सगळा इतिहास तिला सयाजीनंच सांगितलेला. ती तेव्हा वीस वर्षांची, पत्रिकेत मंगळ म्हणून चार स्थळांनी नाकारलेली, नेसरीहून मावशीकडं आलेली, तीही मंगळवार पेठेत — मंगळ काही पाठ सोडत नव्हता! — आणि शिमगा झाल्यावर इथं खुरपायला लागलेली. माळी सयाजी, कुणाशी चार शब्द न बोलणारा गडी, तिच्याजवळ येऊन उभा राहिला आणि झाडाकडं बोट करून म्हणाला, "ह्येचं नाव म्हायती हाय? मंगळी. पैल्यापास्नं. कुणाचं वाटोळं केलंय? सावलीच देतंय की."

त्या बोलण्यावर तिनं त्याच्याबरोबर अख्खा संसार उभा केला. त्याला आपली दया आली असेल, असंच ती समजून होती. चार वर्षांमागं तो गेला तेव्हाही. दया तर दया... पण झाड तरी आपल्या नावाचं होतं.

"अंबूमावशी, हे मॅग्नोलिया," विजयसिंह म्हणाला. थोरल्या सरकारांचा हा पणतू पाट्यांची यादी घेऊन उभा होता. "मंगळी नावाचं झाडच नसतंय."

म्हणजे माळ्यांनी चुकीचं ऐकलं, आणि आपण त्या चुकीला धरून जन्म काढला?

"आणि गंमत बघा," तो माळ्यांची जुनी वही चाळत होता, "आधीचे सगळे माळी 'बोटीचा चाफा' लिहितात. मंगळी पहिल्यांदा येतं अठ्ठ्याहत्तरच्या मार्चात, शिमग्यानंतर. 'मंगळीला पाणी दिले.' सयाजीकाकांचं अक्षर. कुठनं काढलं हो त्यांनी?"

शिमग्यानंतर... ती इथं आली त्याच साली.

लबाड! पैल्यापास्नं म्हणे — कालपास्नं! पट्टीवरची अक्षरं जोडून सुचलं असेल, नाहीतर नुसतं तिच्याकडं बघून. आणि मग ते खोटं निभवायला सगळ्या माळ्यांना पढवलं, वहीत लिहिलं, बेचाळीस वर्षं हूं की चूं केलं नाही. दयेपोटी कुणी एवढा उपद्व्याप करतं होय?

"मग पाटीवर काय लिहू?"

"सांगती की. दम धरा जरा, धाकलं सरकार."

तिनं पदर तोंडाला लावला, पण हसू काही आवरेना. सहासष्टाव्या वर्षी तिला पहिल्यांदा कळत होतं, की आपल्याला कुणीतरी मागं लागून, धडधडीत खोटं बोलून, पटवलं होतं.