सकाळची उंची

एलिनाची उंची दोन मिलिमीटरने कमी भरली.

हेमांगीने सरकती फळी वर ढकलली, मुलीला खाली उतरवलं, खोलीभर चालायला लावलं आणि पुन्हा उभं केलं. टाचा, पाठ, डोकं मागच्या पट्टीला. नजर समोर. श्वास घे, सोड. फळी अलगद केसांवर टेकली. एकशे एकतीस पॉइंट सहा. तिसऱ्यांदाही तेच. सप्टेंबरमध्ये याच पट्टीवर, याच हातांनी तिने एकशे एकतीस पॉइंट आठ लिहिलं होतं. दहा वर्षांचं मूल सहा महिन्यांत आखडत नाही.

तिने एलिनाच्या आईला, कॅरलला, बाहेर बसायला सांगितलं. खरं तर मायलेकी सकाळी आठलाच यायच्या, पण आज सकाळी चर्चमध्ये सासऱ्यांच्या वर्षाचा मिस्सा होता म्हणून कॅरलने फोन करून संध्याकाळची वेळ मागून घेतली होती. येताना घरची सुकेळी, उन्हात वाळवलेली केळी, आणली होती, सोपात म्हणजे केळीच्या खोडाच्या सुक्या सालीत बांधलेली, डॉक्टरांसाठी.

वसई पश्चिमेच्या या मुलांच्या दवाखान्यात हेमांगी एकोणीस वर्षं उंची मोजत होती. दुसरी कामंही करायची, पण ओळख हीच. तीन वेळा मोजायचं, तिन्हींची सरासरी काढायची, मिलिमीटर सोडायचा नाही. ही सवय इतकी अंगात मुरली होती की भाचीच्या लग्नात नवरदेव मांडवात शिरताच ती पुटपुटली होती, "एकशे सदुसष्ट," आणि शेजारच्या बाईने हुंडा समजून तिच्याकडे वळून पाहिलं होतं.

एलिनाचा आजार जन्मापासूनचा. मूत्रपिंडावर टोपीसारख्या बसलेल्या ग्रंथी एक हार्मोन बनवत नव्हत्या आणि त्या नादात दुसरंच भरमसाट बनवत होत्या. त्यामुळे सहाव्या वर्षीच ती वयात येऊ लागली आणि हाडं वयाच्या पुढे धावली. त्यावर स्टेरॉइडच्या गोळ्या, रोज, जन्मभर. डोस कमी पडला तर हाडं लवकर पिकून वाढ संपते. जास्त झाला तर वाढ तिथल्या तिथे थांबते. मधली वाट बोटभर रुंद. गेल्या मार्चपासून एलिना एका कंपनीच्या नव्या गोळीच्या अभ्यासात होती, आणखी एकवीस मुलांबरोबर. अभ्यासाचा नियम साधा होता: वर्षात मूल चार सेंटीमीटरपेक्षा कमी वाढलं तर ही गोळी त्याला सोसत नाही असं समजायचं, ती थांबवायची. एक्सरे पाहून डॉक्टरच म्हणाले होते की एलिनाच्या हाडांत वाढ उरली आहे ती जेमतेम दीड वर्षाची.

पहिल्या दिवशी, गेल्या मार्चमध्ये, एकशे अठ्ठावीस पॉइंट चार. आज एकशे एकतीस पॉइंट सहा. तीन पॉइंट दोन.

डॉक्टर उमंग आतल्या खोलीत होते. सुकेळीचा सोप सोडून टेबलावर पसरला होता आणि ते एक एक चिकट फाक तोंडात टाकत होते. हेमांगीने फाइल पुढे केली, म्हणाली, एलिनाचं माप कमी भरतंय. त्यांनी त्याच बोटांनी पान उलटलं. आलेखावर तपकिरी ठसा उमटला.

"उद्या सकाळी बोलवा तिला," ते म्हणाले.

हेमांगी दाराकडे वळली आणि थांबली. वेळेचा तर तिने अजून विषयही काढला नव्हता.

दिवसभर उभं राहून, चालून पाठीचे मणके दबतात. सकाळी उठल्यावर माणूस संध्याकाळपेक्षा जवळजवळ सेंटीमीटरभर उंच असतो. हे तिला पहिल्याच आठवड्यात शिकवलं होतं. म्हणूनच एका मुलाला दर वेळी एकाच वेळेला मोजायचं असतं. अभ्यासाचं वेळापत्रक मात्र डॉक्टरांनी आखलं होतं. पहिली भेट संध्याकाळी, कारण मुलं शाळेतून येतात. पुढच्या सगळ्या सकाळी आठला, कारण हार्मोनसाठी रक्त त्या वेळी काढायचं असतं. दोन्ही कारणं इतकी सरळ होती की तिने ती कधी शेजारी शेजारी ठेवून पाहिलीच नव्हती.

"सर, पहिलं माप संध्याकाळचं आहे," ती म्हणाली. "सगळ्यांचंच."

"फॉर्मवर वेळेचा रकाना आहे का, हेमांगीताई?"

"नाही."

"मग झालं तर." दातात अडकलेला तंतू त्यांनी जिभेने काढला. "निसर्ग एक सेंटीमीटर फुकट देतोय, तर आपण कशाला नको म्हणायचं?"

ते हसले. रागावले असते तर तिला बरं वाटलं असतं. त्या हसण्यात तिला धरलेलं होतं, दोघांचं गुपित असल्यासारखं. एलिनाचं काय, असं तिने विचारलं. त्यावर ते म्हणाले, एका मुलीने काही बिघडत नाही, बावीसांची सरासरी बघायची असते. मग त्यांनी सुकेळीचा तुकडा तिच्यासमोर धरला. तिने मान हलवली.

कॅरलला उद्याची वेळ देऊन हेमांगीने बाहेरची भेटींची वही काढली. पहिल्या भेटी साडेपाच, सव्वासहा, पावणेसात. पुढच्या आठ, आठ, सव्वाआठ. एकही उलट नाही. आणि बावीसच्या बावीस फॉर्मवर, प्रत्येक मापाखाली, तिची स्वच्छ, वळणदार सही. तीन तीनदा मोजून मिळवलेले मिलिमीटर. तिने हात धुतले, मग पुन्हा धुतले. चोराने तिच्याकडून काही पळवलं नव्हतं. तिच्याच हाताने घर फोडून घेतलं होतं.

आचोळ्याच्या घरी जेवताना तिने एकनाथला, नवऱ्याला, सगळं सांगितलं. त्याने ऐकून घेतलं, आमटी भातावर ओढली.

"पण तू खोटं कुठे लिहितेयस?" तो म्हणाला. "सकाळी पट्टीवर जे दिसेल तेच लिहिणार ना?"

तो बरोबर बोलत होता, आणि म्हणूनच तिने ताट बाजूला सारलं. आकडा खरा असणार होता. त्या खरेपणाचीच तिला किळस येत होती.

दुसऱ्या दिवशी बरोबर आठला कॅरल आणि एलिना हजर झाल्या. रक्त देऊन झालं, मुलगी दंडाला कापूस दाबून पट्टीवर चढली. एकशे बत्तीस पॉइंट पाच. तीनदा.

"चार झाले ना, सिस्टर?" कॅरलने विचारलं. ती मनात हिशेब करूनच आली होती.

चार पॉइंट एक. हेमांगीने आकडा रकान्यात लिहिला, सही केली. पेन मात्र खाली ठेवलं नाही. समासात आजच्या आकड्यासमोर लिहिलं: सकाळी ८.२०. सप्टेंबरच्या आकड्यासमोर: सकाळी ८. गेल्या मार्चच्या आकड्यासमोर: संध्याकाळी ६.१०, भेटींच्या वहीवरून. त्याखाली कालचं माप, कालची वेळ. प्रत्येक ओळीला सही आणि आजची तारीख. अभ्यासाच्या कागदांचा एक कायदा असतो: काहीही खोडायचं नाही, पांढरं लावायचं नाही, पान बदलायचं नाही. रेघ मारली तरी खालचं वाचता आलं पाहिजे आणि ती का मारली ते लिहावं लागतं. कंपनीचा तपासनीस दर महिन्याला येऊन पान पान बघतो.

मग तिने फॉर्म कॅरलच्या समोर ठेवला आणि सांगितलं. सकाळची उंची आणि संध्याकाळची उंची. संध्याकाळला संध्याकाळ लावली तर वर्षात तीन पॉइंट दोन. सकाळला सकाळ लावली तर गेल्या सहा महिन्यांत फक्त सात मिलिमीटर.

कॅरलने समासातल्या वेळांवरून एकेक करत बोट फिरवलं.

"वर्षभर मोजत कोण होतं?"

"मीच."

"मग आत्ता सांगता?"

 हेमांगीने एवढंच सांगितलं की गोळी स्वतःहून एकदम बंद करू नका, या आजारात ते जिवावर बेततं. जुन्या औषधावर कसं यायचं ते आजच डॉक्टरांकडून लिहून घ्या, दिलं नाही तर मुंबईच्या मोठ्या हॉस्पिटलात जा, फाइलची प्रत मागा, तो तुमचा हक्क आहे. कॅरलने ओठ घट्ट मिटून घेतले आणि मान डोलावली. आभार मानले नाहीत. हेमांगीला ते बरं वाटलं.

आवाज ऐकून डॉक्टर बाहेर आले. त्यांनी फॉर्म उचलला, वाचला. अंगठ्याच्या नखाने समासातली शाई हलकेच खरवडून पाहिली. मग अगदी मऊ आवाजात म्हणाले, "उद्यापासून क्षितिजा सिस्टर मोजतील."

"चालेल," हेमांगी म्हणाली. "आज अजून चार मुलं यायची आहेत. भेटींची वही माझ्याकडे आहे, त्यांच्याही वेळा लिहून ठेवते."

डॉक्टर फॉर्म टेबलावर ठेवून आत गेले. त्यांच्यामागून कॅरल उठली आणि दार न वाजवता आत शिरली.

खोलीत एलिना राहिली. तिने सगळं ऐकलं होतं. दंडाचा कापूस तिने कचऱ्याच्या डब्यात टाकला, चपला काढल्या, आणि कोणी न सांगता पुन्हा पट्टीवर जाऊन उभी राहिली.

"मी नीट उभी राहत नव्हते ना, सिस्टर?" ती म्हणाली. "आता बघा."

तिने छाती भरून श्वास घेतला होता. मान ताणली होती. टाचा जमिनीपासून सुटल्या होत्या, अगदी थोड्याच, कागद सरकेल एवढ्या.

हेमांगी तिच्यासमोर गुडघ्यांवर बसली. मुलीचे दोन्ही घोटे हातात घेतले आणि टाचा हळूच खाली टेकवल्या.

"तू नीटच उभी होतीस," ती म्हणाली.