वीस भरलेले रकाने

बोरीवलीच्या त्या रुग्णालयात आतड्याची दुर्बिणीने तपासणी झाली की पूर्वी डॉक्टर बोलत आणि विनिता अहवाल टाइप करी. वर्षभरापूर्वी संगणकावर तयार फॉर्म आला. त्यात वीस रकाने होते. ‘नॉर्मल’ हे बटण दाबलं की सगळे आपोआप भरत; जे वेगळं दिसलं असेल तेवढंच डॉक्टरांनी बदलायचं. रकाना रिकामा ठेवला तर अहवाल छापलाच जात नसे.

कोणती पद्धत चांगली, हे डॉ. हर्षदला एका परिषदेत मांडायचं होतं. त्याने जुने पन्नास आणि नवे पन्नास अहवाल विनिताकडे दिले. भरलेल्या रकान्याला एक गुण; जुन्या अहवालात त्या रकान्यातली माहिती लिहिलेली असली तरी एक. जुन्यांची सरासरी तेरा आली, नव्यांना आतापर्यंत वीसपैकी वीस. हर्षद खूश झाला.

शेवटच्या गठ्ठ्यात मनोरीच्या धर्मा कोळ्याचा अहवाल होता. मोठं आतडं शेवटपर्यंत पाहिलं, दोष नाही. विनिताने वीस गुण लिहिले आणि तपासणीची वेळ उतरवायला नर्सची वही उघडली. वहीत प्रेमा सिस्टरचं अक्षर होतं: पोट साफ नाही, दुर्बीण अर्ध्यावरून बाहेर, महिन्याने पुन्हा बोलावणे.

त्याला सात महिने झाले होते. बोलावलं कोणीच नव्हतं.

तिने दोन्ही कागद हर्षदपुढे ठेवले. तपासणी त्यानेच केली होती. त्या दिवशी अकरा रुग्ण होते, बदलायचं राहून गेलं, म्हणाला.

“हा पन्नासातून काढा, दुसरा घ्या,” तो म्हणाला. “आणि फोन करा त्यांना.”

फोन धर्माच्या बायकोने, सोनूबाईने उचलला. नवरा वाळला होता, दोन महिने बोटीवर गेला नव्हता. शौचाला रक्त पडायचं. मालाडच्या डॉक्टरने हा अहवाल पाहिला आणि मूळव्याधीचं औषध दिलं.

“सोनूबाई, आम्ही तेव्हा आतडं अर्धंच पाहिलं होतं. परवा त्यांना घेऊन या.”

“अर्धं? कागद तं पुरा भरलाय, बाई. मी लॅमिनेट करून ठेवलाय.”

विनिताने पोट साफ करायच्या औषधाचं नाव दोनदा सांगितलं.

तिसऱ्या दिवशी दुर्बीण गाठीशी अडली. दुपारच्या सोनोग्राफीत यकृतावरही डाग दिसले. हर्षद स्वतः विनिताला घेऊन बाहेर आला आणि बाकावर धर्मा आणि सोनूबाईशेजारी बसून सगळं सांगितलं, चूक आपली होती हेसुद्धा.

“तवा होती का ही गाठ?” सोनूबाईने विचारलं.

“असणार. लहान असेल.”

धर्मा शर्टाची बटणं लावत होता. बोटीवर कधीपासून जाता येईल, असं त्याने विचारलं. हर्षदने विनिताकडे पाहिलं. ती खाली बघत होती.

“बघू,” हर्षद म्हणाला.

धर्माने मान हलवली आणि राहिलेलं बटण लावलं.