बाटलीला लाभलेली मनःशांती

बसस्थानकाच्या प्रतीक्षागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. सगळी गर्दी प्रवासगुरूंभोवती. गुरू खुर्चीत, पुढ्यात थर्मोकोलचा डबा, त्यावर मखमल.

"प्रवासात माणूस आजारी पडतो तो भीतीने!" गुरू गरजले. "माझा मणी भीती शोषतो. काळा मणी मुठीत धरा. हिरवा झाला की मन शांत, रक्त शांत, पोट शांत! मग औषधं म्हणजे नुसतं ओझं."

एका काकांनी मूठ उघडली. मणी हिरवागार! ज्यांची बस दोन तास उशिरा होती, तेसुद्धा शांत झाले. हा चमत्कार मात्र मी मानते.

सासूबाई परवा तिकीट काढायला आल्या तेव्हाच त्यांनी मणी घेतला होता. आज अकरा तासांच्या बसने त्या माझ्या नणंदेकडे निघाल्या होत्या. तिचं बाळंतपण जवळ आलं होतं. त्यांनी पर्समधून बीपीच्या गोळ्या काढून माझ्या हातात ठेवल्या.

"घरी ने. दोन दिवस घेतल्याच नाहीत मी."

"अहो आई! गुरूंनी सांगितलं म्हणून?"

"मग? ते काय वेडे आहेत?"

"ते नाहीत हो वेडे. तीच तर काळजी आहे."

एवढ्यात गार बाकावर पडून काळा झालेला सासूबाईंचा मणी माझ्या तीन वर्षांच्या लेकीने उचलला आणि आपल्या कोमट दुधाच्या बाटलीला चिकटवला. तिची बाटली अजून सुटलेली नाही. त्या दिवशी प्रथमच मला त्याचं वाईट वाटलं नाही.

"आजी, बघ! बाटलीची भीती गेली!"

मणी हिरवा. लोक खिदळले.

"निष्पाप बाळाची शक्ती दुधात उतरली," गुरू म्हणाले. माणूस हजरजबाबी खरा.

मी मणी नळाखाली धरला. काळा. तळहातावर चोळला. हिरवा. मग सरळ मखमल उचलली. डब्यात बर्फ, बर्फावर मण्यांची रास.

"बर्फ सरबतासाठी आहे!" गुरू ओरडले.

"सरबत कुठंय?" काकांनी विचारलं.

मण्याला उष्णतेने रंग बदलणारा लेप होता. बस्स, एवढंच अध्यात्म.

तरी सासूबाई हटेनात. मी त्यांना शेजारच्या औषधांच्या दुकानात नेलं. एका मुठीत हिरवागार मणी, दुसऱ्या दंडाला बीपी मोजायचा पट्टा. दुकानातल्या ताईंनी आकडा दोनदा पाहिला.

"एकशे ऐंशी. आजी, आज बस नको. आधी डॉक्टर."

सासूबाईंनी मणी काउंटरवर ठेवला. मग हळूच म्हणाल्या, "त्या गोळीने सारखं लघवीला जावं लागतं गं. बस थांबवा म्हणायची लाज वाटते. गुरू गोळी नको म्हणाले, मला बरंच वाटलं."

मी त्यांचा हात धरून बसले. त्यांना हसायची माझी सगळी हौस फिटली होती.

डॉक्टरांनी गोळी पुन्हा सुरू केली, ती कधी घ्यायची तेही बदलून दिलं. चार दिवसांनी, बीपी ताळ्यावर आल्यावर, बसमध्ये चढताना सासूबाई स्वतःच ड्रायव्हरपाशी थांबल्या.

"दादा, मला मधे मधे उतरावं लागेल."

"बिनधास्त सांगा, आजी. तुमच्या निमित्ताने आणखी दहाजण उतरतील. सगळे दाबून बसलेले असतात."

तेव्हा मंडळी, गोळी नकोशी झाली तर डॉक्टरांना विचारा, बस थांबवायची तर ड्रायव्हरला. मण्याला फक्त तुमचा हात गरम आहे, एवढंच कळतं.