तार उपटली तरी दिसणारा रिपोर्ट

रुग्णालयाच्या सर्व्हरच्या खोलीत मुंगी शिरायला जागा नव्हती. डॉक्टर, नर्स, हिशेबनीस, झाडूवाल्या मावशी, सगळे माना उंचावून उभे. मधोमध कवचवाले, म्हणजे संगणकांना व्हायरसपासून वाचवणारं 'कवच' महिन्यापूर्वी इथे बसवून गेलेले गृहस्थ. मधाळ आवाज, आणि हातात वायरने जोडलेला, हिरवा दिवा लुकलुकणारा काळा डबा, तेच कवच.

"एखादा रिपोर्ट उघडा," ते म्हणाले. पडद्यावर कुणाच्या तरी साखरेचा रिपोर्ट आला. "बघितलात? आता मुख्य सर्व्हरची तार उपटतो. पुन्हा मागवा!"

रिपोर्ट पुन्हा आला! सगळ्यांनी आ वासला.

"सर्व्हर गेला, पण कवच जागं आहे! व्हायरसचा बापसुद्धा आत येणार नाही. पथ्य एकच. अपडेट-बिपडेट करायचं नाही. परका हात लागला की कवच बिथरतं!"

डॉक्टरबाई मागे दात आवळून उभ्या होत्या. अॅम्ब्युलन्स चालवणारे काका परवा गेले. पडद्यावर काकांचं पोटॅशियम कमी दिसलं, म्हणून बाईंनी ते सलाइनमधून द्यायला सांगितलं आणि नर्सने, म्हणजे काकांच्या सख्ख्या पुतणीने, दिलं. प्रत्यक्षात ते आधीच वाढलेलं होतं. हृदय बंद पडलं. नाव काकांचं आणि आकडा भलत्याचाच, हे बाईंनी कानीकपाळी ओरडून सांगितलं, पण कवच असताना पडदा चुकेलच कसा? अधीक्षकांनी खापर पुतणीवर फोडलं. आज तिला कामावरून काढणार होते. पोर भिंतीला टेकून उभी होती, डोळे सुजलेले.

"मला संगणकातलं ओ की ठो कळत नाही," बाई पुढे आल्या. "पण औषधाचा गुण खरा का, हे आम्ही औषध न देता बघतो. तो डबा काढा."

"ताई, अहो, कवचाच्या लहरी उलटतील!"

"उलटू देत." बाईंनी स्वतःच डब्याची वायर ओढली. दिवा विझला; मुख्य सर्व्हरची तार अजून उपटलेलीच होती. साखरेचा रिपोर्ट मागवला, तर तो पुन्हा हजर!

"आता माझा मागवा. सकाळीच रक्त दिलंय, अजून कोणी उघडलेला नाही."

पडदा कोरा. "तुमच्या रक्तात शंका आहे, म्हणून..." कवचवाले चाचरले.

बाई संगणकप्रमुखांकडे वळल्या. "आता तरी तोंड उघडा."

"मध्ये एक साठवणीचा सर्व्हर आहे, लिनक्स नावाच्या प्रणालीवर चालणारा," प्रमुख खाली बघत म्हणाले. "एकदा मागितलेल्या पानाची नक्कल तो ठेवतो आणि पुढच्या वेळी तीच देतो. तार उपटली तरी नक्कल राहते. डब्यात नुसता दिवा आहे."

"आणि अपडेट?"

"ते केलं की सर्व्हर नव्याने सुरू होतो, नकला पुसतात. मग यांचा खेळ फसला असता." ते कळफलकाकडे वळले. "त्या सर्व्हरमध्ये एक भोक सापडलं होतं. बाहेरून कोणी खोडसाळ मागणी पाठवली की एकाचं पान दुसऱ्याच्या नावाखाली जाऊन बसतं. दुरुस्ती कधीचीच आली होती. पण मागे अपडेट करताना सगळं बंद पडलं आणि मी शिव्या खाल्ल्या. हे म्हणाले हात लावू नका, तर मला बरंच वाटलं."

अधीक्षकांचा चेहरा पडला. कवचवाले दाराकडे सरकत होते, मावशींनी झाडू आडवा धरला.

प्रमुखांनी तिथेच, सगळ्यांसमोर, अपडेट केलं. चार ओळी सरकल्या, सर्व्हर थांबला, पुन्हा सुरू झाला. कोणाचा चहाही निवला नाही.

"झालं?" पुतणीने विचारलं.

"झालं."

"एवढंच होतं?" ती हमसून रडायला लागली. "एवढंच करायचं होतं?"

बाईंनी तिला जवळ घेतलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "कोणी सांगितलं हात लावू नका, प्रश्न विचारू नका, तर आधी तिथेच हात लावून बघा. माझ्या हातून काका गेले, कारण मी पडद्याला एकदाही विचारलं नाही."